ध्वनिवर्धक कसा सुधारला

घरच्या ओटीवर किंवा शाळेच्या सभागृहात हल्ली एक जाडजूड काळे खोके दिसते. त्याला होम थिएटर रिसीव्हर म्हणतात. चित्रपटातला पाच बाजूंचा आवाज पाच लाऊडस्पीकरांना वाटून द्यायचा, आणि नुसता खर्ज सांभाळणाऱ्या सहाव्याचा वाटा वेगळा काढायचा, हे त्याचे काम. खोके घरी आल्यावर चार-सहा महिन्यांत पुष्कळांना चुटपुट लागते की, आवाज याहून गोड का नाही? मग एक जण सांगतो, आतले कंडेन्सर बदला. दुसरा म्हणतो, अमुक चिप काढून तमुक बसवा. ही हौस आजची नव्हे, बरे का. तिला पाऊणशे वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि कोणत्या फेरफाराने आवाज सुधारतो व कोणत्याने केवळ खिसा हलका होतो, हे त्या इतिहासातून बरेचसे उमगते.

आपले मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्यानंतर दहाच दिवसांनी, २ ऑगस्टच्या सकाळी, हॅरल्ड ब्लॅक नावाचा २९ वर्षांचा इंजिनियर होबोकेनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या तरीत उभा होता. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याची नोकरी. अमेरिकेच्या एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्याला टेलिफोन करायचा तर वाटेत जागोजागी ध्वनिवर्धक लागत. प्रत्येक ध्वनिवर्धक आवाज मोठा करी आणि त्यात स्वतःचा थोडा खोट मिसळी. निरोप दहा तोंडांतून गेला म्हणजे त्याचे काय होते, ते आपण गावात पाहतोच! हा खोट काढायचा कसा, या विवंचनेत ब्लॅकची चार वर्षे गेली होती. तरीतच त्याला उत्तर सुचले, आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्याने आकृती काढली.

कल्पना अशी. ध्वनिवर्धकातून बाहेर पडणाऱ्या लहरीचा थोडा अंश मागे आणायचा आणि तो उलटा करून आत येणाऱ्या लहरीत मिसळायचा. आत जे गेले आणि बाहेर जे पडले, त्यांत फरक असेल तर तो यंत्राचा खोट. त्या खोटाचाच उलटा अंश यंत्रातून पुन्हा फिरतो आणि खोटाला बहुतांशी खोडून टाकतो. फळ्यावरचे आणि पाटीवरचे अक्षर शेजारी ठेवून मुलाकडून सुधारून घ्यावे, तसेच म्हणा ना. मात्र किंमत मोजावी लागते. खोट दहापट कमी करायचा, तर यंत्राची आवाज वाढवण्याची ताकदही साधारण दहापट उतरते. आवाज मोठा करण्यासाठी केलेले यंत्र मुद्दाम कमजोर करायचे, हे त्या काळच्या जाणत्यांना वेडेपणाचे वाटले. अर्ज १९२८ सालचा आणि अमेरिकेतले पेटंट हाती आले ते १९३७ च्या डिसेंबरात!

ही युक्ती टेलिफोनच्या तारांतून घरच्या ग्रामोफोनपर्यंत आणण्याचे मोठे श्रेय विल्यमसन या तरुण ब्रिटिश इंजिनियरला दिले पाहिजे. 'वायरलेस वर्ल्ड' या लंडनच्या मासिकात १९४७ च्या एप्रिल व मे अंकांत त्याने आपल्या ध्वनिवर्धकाची रचना छापली. ताकद १५ वॅट, आणि खोट हजारात एका भागाहूनही कमी. त्याचे धाडस असे की, बाहेरची लहर त्याने लाऊडस्पीकरच्या अगदी तोंडाशी, ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडून, मागे आणली. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे दोषही त्या दुरुस्तीत आले. पण मग तो ट्रान्सफॉर्मर अत्यंत काळजीने गुंडाळलेला हवा. युद्धानंतर लष्करी सामान स्वस्तात विकले जात होते. हौशी लोकांनी त्यातले सुटे भाग जमवले आणि घरच्या टेबलावर डाग देऊन हे यंत्र उभे केले. ब्रिटनमध्येच नव्हे, ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतही.

ज्यांनी ट्रान्सफॉर्मरवर चार पैसे वाचवले, त्यांची फजिती झाली. मागे आणलेली लहर उलटी राहण्याऐवजी वाटेत उशीर होऊन सुलटी झाली, की दुरुस्तीचे काम संपते आणि यंत्र स्वतःच गाऊ लागते. जत्रेत मायक्रोफोन कर्ण्यासमोर नेला की तो कसा किंचाळतो! येथे मात्र किंचाळणे कित्येकदा कानाच्या टप्प्यापलीकडे चाले. ऐकू काही येत नसे आणि व्हॉल्व्ह मात्र तापत राहात. स्थैर्य कोठपर्यंत टिकेल याचे गणित नायक्विस्टने १९३२ सालीच मांडून ठेवले होते.

पुढचा फेरफार मला सर्वांत देखणा वाटतो. विल्यमसनने आपले केटी-६६ व्हॉल्व्ह ट्रायोड म्हणून जोडले होते. ट्रायोडचा आवाज स्वच्छ, पण ताकद बेताची. तेच व्हॉल्व्ह मूळच्या पद्धतीने जोडले तर ताकद वाढते आणि आवाज खरखरीत होतो. एक बैल सरळ चालणारा पण अशक्त, दुसरा दांडगा पण तास सोडणारा! अमेरिकेतल्या हॅफलर आणि केरोझ यांनी १९५१ साली मधली वाट दाखवली. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांत सुमारे ४३ टक्क्यांवर एक तार बाहेर काढायची आणि ती व्हॉल्व्हच्या पडदा-जाळीला जोडायची. पुढच्याच वर्षी हाच उपाय विल्यमसनच्या यंत्राला कसा करावा, ते त्यांनी छापले. नवा ट्रान्सफॉर्मर बसवा, थोड्या तारा हलवा, आणि ताकद जवळजवळ दुप्पट, स्वच्छताही कायम. न्याय म्हणून सांगितले पाहिजे की, अशी जोडणी इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइनने १९३७ सालीच पेटंटात लिहिली होती. १९४२ साली रडारच्या चाचणीत विमान पडून तो गेला. पुढे १९५९ साली हॅफलरच्या डायनॅको कंपनीने 'स्टीरिओ ७०' हा सुट्या भागांचा संच काढला. तो लोकांनी घरी जोडला, आणि आजही हौशी लोक त्यात फेरफार करतात.

ट्रान्झिस्टर आला तेव्हा आकडे आणखी सुंदर झाले, पण आवाज कित्येकांना रुक्ष वाटे. आवाज एकदम उसळला की दुरुस्ती उशिरा पोचते, हे फिनलंडच्या मट्टी ओटाला यांनी १९७० साली दाखवले. तेव्हा नुसत्या आकड्यांवरचा विश्वास डळमळला, आणि तो थोडा डळमळणे बरेच झाले.

आता आपल्या काळ्या खोक्याकडे येऊ. डॉल्बी डिजिटल पद्धती १९९२ साली चित्रपटगृहांत आली आणि मग घरात शिरली. तिच्यासाठी पाच ध्वनिवर्धक एका पेटीत बसवून बहुधा एकाच ट्रान्सफॉर्मरवर पोसले जातात. पेटीवर प्रत्येक वाहिनीला १०० वॅट लिहिलेले असले, तरी तो आकडा बहुधा दोनच वाहिन्या चालवून मोजलेला असतो. आतल्या चिपांत ब्लॅकची दुरुस्ती आधीच भरपूर आहे. त्यांचा खोट टक्क्याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी, आणि बऱ्याशा लाऊडस्पीकरचाही खर्जातला खोट कित्येकदा टक्क्यांत मोजावा लागतो! तेव्हा चिप बदलण्याआधी लाऊडस्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून हातभर पुढे ओढून पाहा, फुकट आहे. मागच्या बाजूला 'प्री-आउट' नावाच्या खोबणी असल्या, तर पुढच्या दोन लाऊडस्पीकरांना वेगळा ध्वनिवर्धक जोडता येतो आणि पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरचा भार हलका होतो. कंडेन्सर बदलण्यात अर्थ आहे तो पेटी वीस-पंचवीस वर्षांची झाली असेल आणि घूं घूं ऐकू येऊ लागली असेल तर. वीजपुरवठ्याकडचे मोठे कंडेन्सर तेव्हा आतून सुकलेले असू शकतात. ते काम मात्र जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. प्लग काढल्यावरही ते कंडेन्सर काही काळ विजेने भरलेले राहतात, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रात तो दाब चारशे व्होल्टच्या घरात असतो.