फुगलेली भिंत : नाशिकच्या वॉलपेपरपासून अजिंठ्याच्या चित्रांपर्यंत

१/ पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकच्या घरात हौसेने वॉलपेपर लावावा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर फुगे उठलेले दिसावेत, हा अनुभव अनेकांचा असेल. मंडळी, याच जातीच्या दुखण्याने अजिंठ्याची चित्रेही ग्रासली होती. त्यावरील उपचारासाठी १९२० मध्ये थेट इटलीहून तज्ज्ञ आले. त्यांच्या हातून एकाच वेळी चित्रे वाचली आणि काळवंडलीही. ती कशी, ते या धाग्यात पाहू.

२/ आधी फुग्याचे कारण. ओला कागद पसरतो. खळ लावल्यावर त्याला मुरू न देता भिंतीवर चढवला, तर तो तेथेच पसरू लागतो आणि जागा न मिळाल्याने उचलला जातो. कागद सुकताना लहान फुगे बहुधा आपोआप बसतात. म्हणून पहिला दिवस धीर धरावा. त्यानंतरही राहिलेल्या फुग्याला बारीक छेद द्यावा, पिचकारीने आत खळ सोडावी आणि ओलसर स्पंजाने हलकेच दाबावे.

३/ अजिंठ्यात कागदाच्या जागी गिलावा आहे. खडबडीत तासलेल्या काळ्या पाषाणावर तूस व वनस्पतींचे तंतू कालवलेल्या मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर रंग. म्हणजे चित्र खडकावर नसून एका नाजूक पापुद्र्यावर आहे. पापुद्रा सुटला की चित्र गेले.

४/ शतकानुशतके पाणी झिरपत राहिले, किड्यांनी गिलाव्यातील तूस व तंतू खाल्ले. खडक आणि गिलावा यांच्यात पोकळ्या झाल्या. वरून चित्र शाबूत दिसे, आत मात्र आधार उरलेला नसे.

५/ १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह चित्रांच्या नकला केल्या. अंधारात रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळी मूळ चित्रांवर रोगणही फासले गेले. दुखणे आत होते. लेप मात्र वरून लागला.

६/ अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथील पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी. राज्याने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटलेल्या गिलाव्यामागे दुधातील केसीनपासून केलेला सरस सोडला आणि तो पुन्हा खडकास चिकटवला. तत्त्व तेच, आपल्या पिचकारीचे! गळून पडण्याच्या बेतात असलेले कितीतरी भाग त्यामुळे जागेवर राहिले.

७/ परंतु त्याच हातांनी रंगांच्या रक्षणासाठी वरून लाखेचे रोगणही चढवले. काळाच्या ओघात ते पिवळे पडले, त्याने धूळ व काजळी धरून ठेवली. आकसताना ते खालच्या रंगाचे पोपडेही ओढू लागले. अजिंठ्याची चित्रे मुळातच काळपट-पिवळी, असा ग्रह अनेक प्रेक्षकांचा झाला, तो या थरामुळे.

८/ स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी हे थर काळजीपूर्वक उतरवण्याचे काम हाती घेतले. ते अतिशय धिम्या गतीचे आहे. कारण लाख निघावी, पण खालचा रंग निघू नये.

९/ चेक्कोनींना दोष देणे सोपे आहे. पण ते आले नसते, तर स्वच्छ करण्याजोगे चित्रच किती उरले असते? मात्र एक धडा स्पष्ट आहे: जे उद्या काढता येणार नाही, ते आज लावताना शंभरदा विचार करावा. पुढच्या वेळी अजिंठ्यास जाल, तेव्हा रंगांबरोबर त्यांच्यामागच्या पोकळीचाही विचार करा. आणि भिंतीला हात लावू नका, एवढीच विनंती.