धातुधूलि, कर्करोग आणि पगारपत्रक

धातूच्या सूक्ष्म धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हा निष्कर्ष प्रयोगशाळेतून निघाला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. हा धोका प्रथम मोजला गेला तो मुख्यतः मृत्यूच्या नोंदी व कामगारांची पगारपत्रके यांच्या आधारे. आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या दृष्टीने ही बाब विशेष विचारणीय आहे.

१८७९ मध्ये हार्टिंग व हेसे या वैद्यांनी सॅक्सनीतील श्नेबर्ग येथील खाणकामगारांचा फुप्फुसरोग हा कर्करोगच होय, असे दाखविले. तेथील खनिजात कोबाल्ट, निकेल व आर्सेनिक असल्याने दोष साहजिकच धुळीकडे गेला. पुढे मुख्य कारण ठरले ते खाणीतील रेडॉन वायू. तेव्हा धूळ दिसली म्हणून तीच दोषी, असे म्हणता येत नाही.

वेल्समधील क्लिडाक येथील निकेल-शुद्धीकरण कारखान्याचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. तेथील कामगारांत नाकाच्या कर्करोगाची प्रकरणे १९३० नंतरच्या वर्षांत उघडकीस आली, आणि आरंभी संशय निकेल कार्बोनिल वायूवर घेतला गेला. १९५८ मध्ये रिचर्ड डॉल यांनी त्या परिसरातील मृत्युनोंदी तपासल्या. १९७० मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या पगारपत्रकांवरून ८४५ कामगारांचा माग काढला. १९२५ पूर्वी कामास लागलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या पाच ते दहा पट भरले. त्यानंतर लागलेल्यांत नाकाच्या कर्करोगाने एकही मृत्यू आढळला नाही. कार्बोनिल वायूची प्रक्रिया तर पुढेही चालूच होती. मग बदलले काय, हा प्रश्न विचारता आला तो केवळ कामास लागल्याचे वर्ष कागदावर होते म्हणून. आणि त्यामुळे संशय वायूवरून भट्टीच्या धुळीकडे वळला.

आता कोल्हापूरकडे वळू. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रीतील धूळ एकजिनसी नसते. निव्वळ लोहभस्माला कर्करोगजनक म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही. परंतु वाळूतील स्फटिकी सिलिका, साच्यातील कोळशाच्या भुकटीचा धूर, आणि मिश्रपोलाद असेल तेथे निकेल व षट्संयुजी क्रोमियम ही सर्व एकाच श्वासात येतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ मध्ये लोखंड-पोलादाच्या ओतकामाला, एक व्यवसाय म्हणून, निश्चित कर्करोगजनक ठरविले. कोणता घटक किती दोषी, हे तेव्हा सुटे करता आले नव्हते.

गडहिंग्लज तालुक्यातील एखादा तरुण ठेकेदारामार्फत अशा फाउंड्रीत ग्राइंडरवर लागला, बारा वर्षांनी गावी परतला आणि पुढे वीस वर्षांनी आजारी पडला, असे समजा. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगारांची नोंदवही बंधनकारक केली खरी. पण विजेवर चालणारी, दहाहून कमी कामगारांची शाळा मुळात त्याच्या व्याख्येबाहेर राहिली. दवाखान्यात त्याला विडीविषयी विचारतील, आणि तो प्रश्न योग्यच आहे, ग्राइंडरविषयी क्वचितच. मुंबईत १९६३ पासून व बार्शीत १९८७ पासून कर्करोगाच्या नोंदवह्या आहेत. परंतु अशा नोंदवहीचा मूळ प्रश्न अवयव आणि वस्ती यांचा असतो. तेथे हा मनुष्य गडहिंग्लजचा शेतकरी म्हणूनच उतरेल.

ठेकेदारांच्या हजेरीवह्या, भविष्यनिर्वाह निधीची खाती व कामगार विम्याची पत्रके यांतून १९६० नंतरच्या कामगारांची यादी काही अंशी तरी जुळविता येईल. हे काम वैद्यकापेक्षा इतिहासाच्या विद्यार्थ्याचे आहे, आणि त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वीच ते व्हावयास हवे.