दीड टन कुठे मोजला?

गेल्या एप्रिलात सोलापूरला अब्बांच्या खोलीत खिडकीचा एसी बसवायचं ठरलं. अब्बांना दमा. उन्हाळ्यात ते रात्र बसून काढतात. पत्रकात रुंदी 66 सेंटिमीटर होती, आमची खिडकी 67. एसी आला, पण आत जाईना. 66 हा नुसत्या पत्र्याच्या खोक्याचा आकडा होता, बाजूचे बोल्ट त्यात धरलेच नव्हते. चूक माझीही होती. मी खिडकी फक्त खाली मोजली आणि जुनी सागवानी चौकट वर आत झुकलेली.

मिस्त्री म्हणाला, "चाचा, आता रंधा मारावा लागेल. परवा येतो."

त्या दोन दिवसांत खोक्यावरचं एकेक अक्षर वाचून काढलं. 'दीड टन' म्हणजे वजन नव्हे, एवढं माहीत होतं. मग टन कशाचा? बर्फाचा! यंत्रं येण्याआधी थंडावा विकत मिळायचा तो बर्फाच्या रूपात. अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ कापून फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बोस्टनचा व्यापारी तो जहाजाने दूरदेशी पाठवायचा. 1833 मध्ये 'टस्कनी' जहाजात त्याने 180 टन बर्फ भरला आणि चार महिन्यांनी कलकत्त्यात उतरला तो सुमारे 100 टन. उरलेल्याचं वाटेत पाणी झालं. पुढच्या वर्षी मुंबईलाही हा बर्फ आला. मद्रासचं आइस हाउस तर आजही समुद्रकाठी उभं आहे. म्हणजे टन बोस्टनला मोजायचा की हुगळीच्या धक्क्यावर, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

पुढे यंत्रं आली, तेव्हा त्यांची ताकद सांगायला हाच बर्फ मापाला घेतला. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ओढून घेणारं यंत्र एक टनाचं. तोही टन अमेरिकेचा, 2,000 पौंडांचा, म्हणजे सुमारे 907 किलोचा. आपला हजार किलोचा टन इथे चालत नाही. वॉटमध्ये हा हिशेब 3,517 होतो, दीड टनाला सुमारे 5,275. आमच्या एसीच्या तारांकित स्टिकरवर मात्र बारीक अक्षरात 4,900 वॉट. म्हणजे दीड नाही, जेमतेम एक पूर्णांक चार टन. दुकानात हे कुणी सांगत नाही, आणि विचारत तरी कोण?

शिवाय हे 4,900 मोजले जातात ते प्रयोगशाळेत, बाहेर 35 अंश आणि आत 27 अंश ठेवून. त्या दिवशी सोलापुरात 42 होतं. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकी यंत्राला उष्णता बाहेर टाकणं जड जातं आणि गारवा घटतो.

दोन्ही रात्री अब्बा उशा रचून बसूनच होते.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. चौकटीला रंधा मारून झाल्यावर त्याने टेप काढली आणि खिडकी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजली. मग बोल्टसकट एसी मोजला. पत्रकाकडे त्याने पाहिलंही नाही.