टाइमपास की ट्रीटमेंट? हॉस्पिटलमधल्या खेळाची सरकारी नोकरी

आजचा भाग सुरू होतो पत्त्यांच्या एका कॅटपासून.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू कमजोर झाली. हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट रोज सकाळी यायचे, वीस मिनिटं व्यायाम करून घ्यायचे आणि जायचे. उरलेला दिवस बाबा आणि छताचा पंखा. पाचव्या दिवशी त्यांचे बँकेतले मित्र आले. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. काकांनी खिशातून कॅट काढला आणि म्हणाले, "चल रे, एक डाव टाकू." सकाळी रबरी बॉल धरायलाही तयार नसलेले बाबा उजव्या हाताने पत्ता ओढायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, हे हॉस्पिटल आहे, क्लब नाही!" कॅट परत खिशात.

त्या सिस्टरवर माझा राग नाही. अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळत होत्या त्या. पण मला तेव्हा एक जाणवलं. पेशंटला खेळायला लावणं हे तिथे कोणाचंच काम नव्हतं. मग हे काम कुठेच कोणाचं नसतं का? शोधलं, तर अमेरिकन सरकारच्या नोकऱ्यांच्या यादीत याला चक्क एक नंबर सापडला, ०६३८. पद आहे रिक्रिएशन थेरपिस्ट. आता खेळ घेणारा माणूस सरकारी पगारावर आला कसा, ती गोष्ट ऐका.

सुरुवात इंग्लंडमधल्या यॉर्क गावात. मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवायचा तो काळ. विल्यम ट्यूक नावाच्या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याने १७९६ मध्ये 'द रिट्रीट' नावाचं घर उघडलं. तिथे रुग्ण बागेत काम करायचे, शिवणकाम करायचे, फिरायला जायचे. अंगणात ससे आणि कोंबड्या होत्या. एखाद्या जिवाची काळजी घेताना माणूस स्वतःला सावरतो, असा त्यामागचा विचार होता.

पुढचा थांबा क्रिमियन युद्ध. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातातला दिवा आठवतो. पण स्कुतारीमध्ये १८५५ साली तिने बऱ्या होत असलेल्या शिपायांसाठी वाचनखोल्या आणि एक कॉफीघरही सुरू करायला लावलं. नाहीतर ते दारूकडे वळायचे. शिपाई लाडावतील, अशी काही अधिकाऱ्यांची कुरकुर होती. म्हणजे "हे हॉस्पिटल आहे, क्लब नाही" हे वाक्य तसं जुनंच आहे!

आता अटलांटिक ओलांडून शिकागोला जाऊ. जेन ॲडम्सने १८८९ मध्ये तिथल्या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत 'हल हाउस' सुरू केलं. तिथे नेव्हा बॉइड या बाईंनी १९२० मध्ये खेळ घ्यायला शिकवणारी शाळा काढली. हो, खेळ घ्यायला शिकावं लागतं. कोणता खेळ कोणाला द्यायचा, लाजरं मूल गटात कसं आणायचं, हरलेल्याला कसं सांभाळायचं, या सगळ्याचा अभ्यास असतो. नाटकातले इम्प्रोव्ह गेम्स ऐकलेत ना? ते रचणारी व्हायोला स्पोलिन याच बाईंची विद्यार्थिनी.

तरी सरकारी दवाखान्यात हे काम अजून बरंचसं रेड क्रॉसच्या लोकांकडे आणि स्वयंसेवकांकडे होतं. चित्र बदललं दुसऱ्या महायुद्धाने. साडेसहा लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक जखमी झाले. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला मार लागलेले बहुतेक जण फार काळ जगत नसत. आता पेनिसिलिन आणि चांगल्या शुश्रूषेमुळे ते जगू लागले. पण जगले, पुढे काय? विशी-पंचविशीतली पोरं, समोर पन्नास वर्षांचं आयुष्य आणि दिवसभर छताचा पंखा!

१९४६ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत व्हीलचेअर बास्केटबॉल सुरू झाला. इकडे इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलच्या डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ ला, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १६ जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा ठेवली. आजच्या पॅरालिंपिकचं मूळ ते. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानेही युद्धानंतर हॉस्पिटलांमध्ये करमणुकीचे पगारी कर्मचारी घेतले.

आणि इथेच भांडण सुरू झालं.

एक गट म्हणाला, खेळ हा माणसाचा हक्क आहे. आजारी माणसालाही आनंद हवा, त्याला वेगळं कारण कशाला? दुसरा म्हणाला, सरकार पगार देतंय उपचारासाठी. खेळाने कोणती क्षमता परत आली ते दाखवा, नाहीतर बजेट कापलं की पहिली आपलीच नोकरी जाणार. पहिल्या विचाराची संघटना १९४९ मध्ये आली, दुसऱ्याची १९५३ मध्ये. १९६६ मध्ये दोघं एका छत्राखाली आले. १९८४ मध्ये उपचारवाद्यांनी पुन्हा वेगळी चूल मांडली.

त्याआधी १९८१ मध्ये प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली होती. आज तिच्या नेहमीच्या मार्गाने जायचं तर या विषयातली पदवी, सलग १४ आठवडे मिळून किमान ५६० तासांची इंटर्नशिप आणि वर परीक्षा. पाच वर्षांनी नूतनीकरण. सीनियर व्हायचं तर अनुभव हवा आणि हाताखालच्यांना शिकवता यायला हवं. तपशील राज्याप्रमाणे, खात्याप्रमाणे बदलतात.

सीनियर करतो काय? नवा रुग्ण आला की आधी त्याच्याशी बोलतो. आजारापूर्वी काय आवडायचं, आता काय जमतं, कशाची भीती वाटते. मग उपचाराची योजना लिहितो. समजा, कॅरम. "रुग्णाला कॅरम खेळवला" एवढं लिहून चालत नाही. "चार आठवड्यांत रुग्ण आधाराशिवाय १५ मिनिटं बसून, दोघांबरोबर एक डाव पूर्ण करेल", असं लिहावं लागतं. आम्ही कोडवाले याला ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया म्हणतो. डॉक्टर, नर्स, फिजिओ यांच्या बैठकीत तो प्रगती मांडतो. ज्युनियर, इंटर्न आणि स्वयंसेवकांवर लक्ष ठेवतो. सामानाचा हिशोब बघतो. मनोरुग्णांच्या वॉर्डात हस्तकला घेतली तर कात्र्या आधी आणि नंतर मोजायच्या, एक कमी भरली तर कोणी जागचं हलायचं नाही.

पण एवढं करूनही भांडण पूर्ण मिटलेलं नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत पुनर्वसन हॉस्पिटलमध्ये साधारण रोज तीन तास थेरपीची अपेक्षा असते. २०१० पासूनच्या नियमात त्या तीन तासांत फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी मोजतात. रिक्रिएशन थेरपी मोजत नाहीत. द्यायला परवानगी आहे, पण हिशोबात नाही.

मला विचाराल तर दोन्ही गट बरोबर होते. पेशंटसाठी तो आनंदच असायला हवा. बाबांनी हात हलवला तो डाव जिंकायला, "पकड सुधारायला" नाही. पण कागदावर मात्र उपचारच लिहिलेला हवा. ज्याची नोंद नाही, ते काम कोणाच्याच वाट्याला येत नाही.

आता आपल्याकडचं उदाहरण. 'चंदू चॅम्पियन' पाहिलात ना? सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलमध्ये उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. त्या हॉस्पिटलात कोणी म्हटलं असतं, "हा स्विमिंग क्लब नाही," तर?

बाबांचं सांगायचं राहिलं. घरी आल्यावर फिजिओंना विचारून रोज संध्याकाळी रमी सुरू केली. मी एका वहीत लिहायचे, आज उजव्या हातात किती पत्ते न सांडता धरले. पहिल्या दिवशी तीन. तेरा व्हायला तीन महिने लागले. त्या दिवशी आईने शिरा केला. आता बाबा सर्रास पत्ते लपवतात आणि मला हरवतात. ते मात्र वहीत लिहीत नाही.

तुमच्या घरी असं कोणी पलंगावर पडून पंखा बघत असेल, तर आज त्यांना एवढंच विचारा, "आधी काय खेळायचात?" उत्तर मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, पिसा पत्ते!