लवते पाते : ऑटोजायरोच्या बिजागरीचा इतिहास

लहान नमुना उत्तम चालावा आणि त्यावरून बांधलेले पूर्ण आकाराचे यंत्र मात्र फसावे, असे प्रसंग यंत्रविद्येच्या इतिहासात अनेक आढळतात. स्पेनमधील स्थापत्य अभियंता हुआन दे ला सिएर्वा (1895–1936) याच्यापुढे हाच पेच उभा राहिला होता. हेलिकॉप्टरचा इतिहास सांगताना सामान्यतः इंजिनाच्या वाढत्या शक्तीस अग्रमान दिला जातो. वस्तुतः त्यातील मोठा वाटा एका साध्या बिजागरीचा आहे, आणि ती बिजागरी या पेचातून जन्मास आली.

1919 मध्ये सिएर्वाने बांधलेले तीन इंजिनांचे विमान जमिनीलगत वळताना वेग मंदावून कोसळले. स्थिर पंखाचा वेग गेला की त्याचा आधारही जातो. तेव्हा पंखच फिरता ठेवल्यास विमान मंद झाले तरी पंखाचा वेग टिकेल, असा विचार त्याने केला. त्याच्या ‘ऑटोजायरो’तील वरची पाती उड्डाणात इंजिनाने फिरत नसत, पुढचा पंखा यंत्रास ओढी आणि खालून वर जाणाऱ्या हवेने पाती आपोआप फिरत. हेलिकॉप्टरची पाती इंजिनच फिरविते, हा दोहोंतील मुख्य भेद होय. (‘हेलिकॉप्टर’ हा शब्द मात्र यंत्राच्या कितीतरी आधीचा आहे. 1861 मध्ये फ्रान्समधील पाँतों दामेकूर याने ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्र आणि ‘प्तेरॉन’ म्हणजे पंख या ग्रीक शब्दांवरून तो घडविला. पुढे लोकांनी त्याचा भलताच विग्रह करून ‘हेली’ हा तुकडा सुटा केला, व त्यातून ‘हेलिपॅड’सारखे शब्द निघाले.)

सिएर्वाची पहिली तीन याने अयशस्वी ठरली. पहिल्यात एकावर एक अशी उलटसुलट फिरणारी दोन चक्रे होती. त्यांची गती सारखी राहीना. पुढील दोहोंत चक्र एकच होते, पण वेग घेताच ती याने एका कुशीवर कलत. कारण उघड होते. यान पुढे जात असताना एका बाजूचे पाते वाऱ्यास सामोरे जाते व दुसऱ्या बाजूचे वाऱ्याबरोबर मागे येते. साहजिकच पहिल्यास अधिक उचल मिळते व दुसऱ्यास कमी. परंतु हे कारण खरे असेल, तर रबराच्या पिळावर चालणारा त्याचा नमुना सरळ कसा उडत होता? त्या नमुन्याच्या पात्यांचे दांडे लवचिक वेताचे होते, तर मोठ्या यानातील पाती ताठ बसविलेली होती. नमुन्याच्या यशाचे गमक त्याच्या आकारात नव्हते, वेतात होते.

ही कल्पना सिएर्वाला ऑपेरा पाहताना सुचली, अशी आख्यायिका प्रचलित आहे. नमुन्यातील वेताचा पुरावा समोर असता तिची फारशी गरज भासत नाही. त्याने प्रत्येक पाते मुळाशी आडव्या बिजागरीने जोडले. आता पुढे जाणारे पाते अधिक उचल मिळताच वर जाई, आणि वर जाताना त्याचा हवेशी होणारा कोन घटून उचलही आपोआप कमी होई. मागे येणारे पाते खाली झुके व त्याची उचल वाढे. ‘पाते लवते न लवते तोच’ या प्रयोगातील क्रियापद या हालचालीस इतके चपखल बसते की वेगळी परिभाषा घडविण्याचे कारणच उरत नाही. अशा बिजागरीची सूचना शार्ल रनार याने 1904 मध्येच केली होती. तथापि ती उड्डाणात सिद्ध झाली ती जानेवारी 1923 मध्ये, माद्रिदजवळील हेताफे येथे. वैमानिक होता आलेहांद्रो गोमेस स्पेन्सर. त्याच महिन्यात थोड्या उंचीवर इंजिन बंद पडले असता यान अलगद खाली उतरले.

ऑक्टोबर 1925 मध्ये इंग्लंडमधील फार्नबरो येथे प्रात्यक्षिके झाली आणि हा विषय शास्त्रज्ञांच्या हाती गेला. हर्मन ग्लॉअर्ट याने 1926 मध्ये ऑटोजायरोची पहिली सर्वसाधारण गणिती उपपत्ती मांडली. कार्यक्षमतेत हे यान साध्या विमानापेक्षा उणेच राहील, हा तिचा निष्कर्ष सिएर्वास मुळीच रुचला नाही. निष्कर्ष कठोर असला तरी चुकीचा नव्हता. मात्र मंद वेगातील सुरक्षितता हा सिएर्वाचा मूळ प्रश्न त्या तुलनेत बाजूला पडला. गणिताने न दाखविलेली एक उणीव अपघाताने दाखविली. फेब्रुवारी 1927 मध्ये हॅम्बल येथे उड्डाणात पाते तुटून यान कोसळले व वैमानिक फ्रँक कोर्टनी जखमी झाला. वरखाली लवणारे पाते मागेपुढेही ओढले जाते आणि तो ताण मुळाशी साचतो, हे त्यातून कळले. त्यानंतर दुसरी, उभ्या आसाची बिजागरी आली.

अमेरिकेत लँग्ली येथील संशोधन केंद्राने 1931 मध्ये पिटकेर्न कंपनीचे ऑटोजायरो चाचणीसाठी घेतले. जॉन व्हीटली याने प्रत्यक्ष उड्डाणात मोजमापे घेतली; पुढे 45 फूट व्यासाचे ते चक्र 30 फूट उंच व 60 फूट रुंद मुखाच्या वातबोगद्यातही तपासले गेले. 1934 च्या त्याच्या विवेचनानुसार चक्राचे बहुतेक गुण गणिताने समाधानकारक मिळत. मात्र चक्रातून जाणाऱ्या हवेविषयी जे गृहीत धरावे, त्याने पात्यांच्या लवण्याचे उत्तर बरेच बदले.

सिएर्वा 9 डिसेंबर 1936 रोजी लंडनजवळील क्रॉयडन येथे धुक्यात उड्डाण करणाऱ्या एका साध्या प्रवासी विमानाच्या अपघातात मरण पावला. त्याच वर्षी जर्मनीत फॉक यांचे हेलिकॉप्टर उडाले होते. त्यांच्या कारखान्याने आधी परवान्याने सिएर्वाची ऑटोजायरो बांधली होती. बिजागरी मात्र कायमची राहिली नाही. 1967 मध्ये प्रथम उडालेल्या जर्मन बीओ 105 मध्ये काचतंतूंची लवचिक पाती वापरून लवण्याची बिजागरी वगळण्यात आली. 1992 मध्ये बंगळूरु येथे प्रथम उडालेल्या व पुढे ‘ध्रुव’ नावाने ओळखल्या गेलेल्या भारतीय हेलिकॉप्टरचे मुख्य चक्रही याच जातीचे आहे : सिएर्वाच्या नमुन्यात वेत जे काम करीत होता, ते तेथे पात्याच्या मुळाचा लवचिक भाग करतो.