राष्ट्रीय प्रतीकांचे शालेय शिक्षण (रत्नागिरी जिल्हा)

राष्ट्रध्वज, राष्ट्रगीत, राजमुद्रा, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि राष्ट्रीय सण यांची ओळख व अर्थ मुलांना करून देण्याच्या प्रक्रियेस राष्ट्रीय प्रतीकांचे शालेय शिक्षण म्हणता येते. महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत हे शिक्षण मुख्यतः दैनिक परिपाठ, ध्वजवंदनाचे समारंभ आणि परिसर अभ्यास हा विषय यांतून दिले जाते. पहिल्या दोहोंत कृती व पाठांतर यांना प्राधान्य असते. अर्थाचे सविस्तर विवरण पाठ्यपुस्तकात बऱ्याच उशिरा येते. मधल्या वर्षांत ते करण्याची जबाबदारी प्रामुख्याने वर्गशिक्षकावर राहते.

परिपाठ

शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. त्यात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिकेचे वाचन, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष इत्यादींचा समावेश असतो. रवींद्रनाथ टागोर यांची रचना असलेले राष्ट्रगीत संविधान सभेत २४ जानेवारी १९५० रोजी स्वीकारले गेले. ते पूर्ण गाण्यास सुमारे ५२ सेकंद लागतात. प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये मूळ तेलुगूत लिहिली. महाराष्ट्रातील शाळांत उद्देशिकेचे सामूहिक वाचन २६ जानेवारी २०२० पासून अनिवार्य करण्यात आले. राजा बढे यांनी लिहिलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले असून त्याचाही परिपाठात समावेश झाला आहे.

जिल्ह्यात मराठी शाळांबरोबर उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. प्रतिज्ञा शाळेच्या माध्यमभाषेत म्हटली जाते. राष्ट्रगीत मात्र सर्वत्र एकाच, संस्कृतप्रचुर बंगालीत गायले जाते. घरी संगमेश्वरी बोली किंवा कोकणी मुसलमानांची बोली बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलास त्यातील बहुतेक शब्द अपरिचित असतात. त्यामुळे शब्दार्थ न सांगता केवळ चालीवर पाठ करून घेतल्यास उच्चार बदलून निरर्थक शब्द रूढ होण्याची शक्यता असते. राष्ट्रगीतातील प्रदेश, पर्वत व नद्या यांची नावे भारताच्या नकाशावर दाखवणे हा त्यावरील एक सोपा उपाय आहे.

ध्वजवंदन

स्वातंत्र्यदिन, महाराष्ट्र दिन व प्रजासत्ताक दिन या दिवशी शाळांत ध्वजवंदन होते. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेल्या भारतीय ध्वजसंहितेत शाळांसाठी स्वतंत्र सूचना आहेत. त्यांनुसार विद्यार्थी चौकोनाच्या तीन बाजूंना उभे राहतात व चौथ्या बाजूच्या मध्यभागी ध्वजस्तंभ असतो. मुख्याध्यापक, विद्यार्थी प्रमुख व ध्वज फडकवणारी व्यक्ती स्तंभामागे तीन पावलांवर उभी राहते. विद्यार्थ्यांची रचना वर्गवार, दहा-दहांच्या तुकड्यांत असावी, असेही संहिता सांगते. मात्र पटसंख्येनुसार हा आकडा बदलण्याची मुभा आहे. डोंगराळ वाड्यावस्त्यांतील कमी पटाच्या शाळांच्या दृष्टीने ही मुभा महत्त्वाची ठरते, कारण तेथे कधीकधी संपूर्ण शाळेची मिळून एकच तुकडी होते.

कोकणात १५ ऑगस्ट हा दिवस ऐन पावसाळ्यात येतो. उघड्यावर लावलेला ध्वज हवामान कसेही असले तरी फडकत ठेवावा, असे मूळ संहितेत नमूद होते. राष्ट्रीय सणांच्या दिवशी मुलांच्या हाती असणारे ध्वज कागदाचे असू शकतात, प्लॅस्टिकचे नव्हे. समारंभानंतर ते जमिनीवर टाकू नयेत, असाही नियम आहे. पावसात भिजलेला, चिखलात पडलेला कागदी ध्वज उचलून का ठेवायचा, हे समजावताना ध्वजाच्या प्रतिष्ठेची कल्पना मुलांना प्रत्यक्ष कृतीतून देता येते.

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा स्वीकारला. त्याच्या रंगांचा संबंध धर्मसमुदायांशी जोडून सांगण्याची पद्धत आढळते. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या विवरणात मात्र केशरी रंग त्यागाचा, पांढरा प्रकाशाचा व सत्यमार्गाचा, हिरवा मातीशी व वनस्पतिजीवनाशी असलेल्या नात्याचा, तर २४ आऱ्यांचे चक्र धर्माचे व गतीचे प्रतीक मानले आहे.

पाठांतर आणि अर्थ

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर उद्देशिका, राष्ट्रगीत व प्रतिज्ञा छापलेली असतात. उद्देशिकेतील ‘सार्वभौम’, ‘धर्मनिरपेक्ष’, ‘गणराज्य’ यांसारख्या संज्ञांचे स्वतंत्र विवेचन मात्र २०१७ साली आलेल्या इयत्ता सातवीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. परिणामी पहिलीत हे शब्द उच्चारू लागलेल्या मुलास त्यांचा पाठ्यपुस्तकातील अर्थ सहा वर्षांनी भेटतो.

लहान मुलांना अमूर्त संकल्पनांपेक्षा परिचित अनुभवांतून अर्थ लवकर कळतो. ‘समानता’ हा शब्द शालेय पोषण आहाराच्या एकत्र पंगतीतून, ‘बंधुता’ वर्गातील परस्पर मदतीतून, तर ‘लोकशाही’ हात वर करून केलेल्या वर्गप्रमुखाच्या निवडीतून उलगडता येतो. राजमुद्रेसाठी खिशातील नाणे पुरेसे असते. सारनाथ येथील अशोकस्तंभाच्या शीर्षावर चार सिंह असूनही नाण्यावर तीनच का दिसतात, हा प्रश्न मुलांना निरीक्षणाकडे वळवतो.

परिसरातील प्रतीके व वारसास्थळे

इयत्ता तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हानिहाय तयार करण्यात आले होते. रत्नागिरीत राज्याची अनेक प्रतीके परिसरातच आढळतात: आंबा हा राज्यवृक्ष बागाबागांत दिसतो, ताम्हण हे राज्यपुष्प महाराष्ट्र दिनाच्या सुमारास फुललेले असते आणि शेकरू हा राज्यप्राणी सह्याद्रीच्या जंगलांत आढळतो.

रत्नागिरी शहरातील लोकमान्य टिळक यांचे जन्मस्थान, दापोली तालुक्यातील पालगड हे साने गुरुजींचे जन्मगाव आणि मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव ही शैक्षणिक भेटींची ठिकाणे होत. संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांचे मूळ गाव जिल्ह्यातच असल्याने उद्देशिकेच्या वाचनाला येथे स्थानिक संदर्भ मिळतो. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० मध्ये बांधलेल्या थिबा राजवाड्याचा उपयोग वेगळ्या प्रकारे होऊ शकतो. मोर हे थिबाच्या कोनबाउंग राजघराण्याचे चिन्ह होते, तर १९६३ पासून तो भारताचा राष्ट्रीय पक्षी आहे. चिन्हाचा अर्थ ते स्वीकारणाऱ्या समाजाने दिलेला असतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

आदर आणि सक्ती

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१ क नुसार संविधान, राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. या आदराच्या स्वरूपाविषयीचा महत्त्वाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात दिला. यहोवाचे साक्षीदार या पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले होते. न्यायालयाने ही कारवाई अभिव्यक्तिस्वातंत्र्य व धर्मस्वातंत्र्य यांचा भंग करणारी ठरवून त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. स्तब्ध उभे राहणे हाही आदरच होय, हे तत्त्व या निर्णयामुळे प्रस्थापित झाले. परिपाठात न गाणाऱ्या मुलाशी शिक्षकाने कसे वागावे, या प्रश्नात हा निर्णय आजही मार्गदर्शक मानला जातो.