डब्याच्या पोटातला इतिहास

इलेक्ट्रिक गिटारवर लिहिलेली पुस्तके चाळली की गिटारींची छायाचित्रे मुबलक दिसतात. लाकूड कोणते, तारा कोणत्या, वादक कोण, याची चर्चा पानोपान असते. ज्या डब्यातून तो आवाज बाहेर पडतो, त्याच्या वाट्याला मात्र एखादा परिच्छेद येतो. वास्तविक या वाद्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. तारेखालच्या चुंबकावर गुंडाळलेल्या वेटोळ्यात व्होल्टच्या अगदी लहान अंशाइतका विद्युतसंकेत निर्माण होतो, तो अ‍ॅम्प्लिफायर मोठा करतो आणि स्पीकरचा कागदी पडदा तो हवेत ढकलतो. वाद्याचा अर्धा भाग म्हणजे हा डबा. त्यातही ज्याच्यावर सर्वांत जास्त प्रयोग झाले तो डबा लहान, स्वस्त, हातात धरून नेण्याजोगा होता. नवशिक्याने तो घ्यावा, घरी आणून वाजवावा, कंटाळा आला की स्क्रू काढून आत डोकावावे. मोठा, महागडा अ‍ॅम्प्लिफायर उघडायला माणूस धजत नाही. लहानाच्या बाबतीत धीर होतो, कारण बिघडला तरी नुकसान थोडे.

या धिटाईचा पहिला ठळक पुरावा अपघाताचा आहे. मार्च १९५१मध्ये आइक टर्नरचा वाद्यवृंद ध्वनिमुद्रणासाठी मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत पोचला, तेव्हा विली किझार्टच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर वाटेत खराब झालेला होता. तो गाडीवरून पडला की पावसात भिजला, यावर सांगणाऱ्यांचे एकमत नाही. फिलिप्सने फाटक्या पडद्यात कागद कोंबला आणि मुद्रण सुरू केले. ‘रॉकेट ८८’ या गाण्यातली ती घोगरी, फाटकी गिटार लोकांना आवडली. सात वर्षांनी लिंक रे या वादकाने हाच परिणाम हेतुपुरस्सर साधला. त्याने स्पीकरच्या पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली. ‘रम्बल’ या त्याच्या रचनेत एकही शब्द नाही, तरी अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ती लावायला नकार दिला. शब्दांशिवाय आक्षेपार्ह ठरण्याचा मान फार थोड्या रचनांना मिळाला असेल.

आणि मग १९६४. उत्तर लंडनमध्ये राहणाऱ्या सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसकडे एल्पिको कंपनीचा एक छोटा हिरवा अ‍ॅम्प्लिफायर होता. त्याने दाढीच्या पात्याने त्याचा पडदा चिरला आणि त्या डब्यातून निघालेला संकेत व्हॉक्स एसी-३० या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. ‘किंक्स’ या वाद्यवृंदाचे ‘यू रियली गॉट मी’ हे गाणे त्या ऑगस्टमध्ये बाजारात आले आणि सप्टेंबरात ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. लहान डबा मोठ्याच्या पुढे जोडून त्याचा केवळ ‘खराबी’साठी वापर करण्याची युक्ती पुढे वेगळ्या पेटीत, पायाने दाबायच्या बटणासह विकली जाऊ लागली. पण मूळ कल्पना घरातली, आणि साधन दाढीचे पाते.

या ‘खराबी’त नेमके काय घडते? संकेत अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाक्यापेक्षा मोठा झाला की लहरीचे शेंडे कापले जातात. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनसंख्येचे स्वर ऐकू येऊ लागतात आणि आवाज दाट होतो. आपल्या वाचकांना हे परके वाटू नये. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो, तेव्हा तोही घोडीचा माथा घासून तारेला नीट, स्वच्छ वाजू देत नाही. ती घोडीला किंचित स्पर्श करत राहावी आणि उपस्वरांचा झंकार उठावा, हे तो पाहतो. यंत्रणा वेगळी, कान मात्र एकच. शुद्ध स्वर माणसाला कोरडा वाटतो. फरक इतकाच, की जवारीची परंपरा घराण्यांतून, हाताखालच्या शिष्याला शिकवत आली. गिटारवाल्यांनी ती भोके पाडत, चुकत, शेजाऱ्याचे बघत शोधली.

अशा शोधाला डबा उघडा असावा लागतो, आणि इथे लिओ फेंडर या गृहस्थांचे ऋण मान्य करावे लागते. त्यांनी १९३८मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. पुढे ते स्वतः अ‍ॅम्प्लिफायर बनवू लागले, तरी त्यांची दृष्टी दुरुस्ती करणाऱ्याचीच राहिली: उद्या हा बिघडेल, तेव्हा तो सहज उघडता आला पाहिजे. त्यांच्या ‘चॅम्प’ या सर्वांत धाकट्या अ‍ॅम्प्लिफायरचा विचार करा. पाचेक वॅट शक्ती, आठ इंची स्पीकर, तीन व्हॉल्व्ह आणि आवाज कमीजास्त करायचे एकच बटण. आत एका जाड पुठ्ठ्यावर रेझिस्टर आणि कपॅसिटर शिडीच्या पायऱ्यांसारखे ओळीने लावलेले. कोणती तार कुठे जाते हे डोळ्यांनी दिसते. व्हॉल्व्हच्या रेडिओची दुरुस्ती येणाऱ्या कोणालाही हे मंडल तासाभरात समजेल.

समजले की हात शिवशिवतात. चॅम्पच्या १९५०च्या दशकाअखेरच्या मंडलात, स्पीकरकडे जाणाऱ्या संकेताचा थोडा अंश एका रेझिस्टरमधून मागे आणून आवाज काबूत ठेवलेला असतो. त्या रेझिस्टरचे एक टोक सोडवले की लगाम सुटतो: आवाज वाढतो, खरखरीतही होतो. पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवरच्या रेझिस्टरला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की तो टप्पा अधिक जोर लावतो. आठ इंची स्पीकर सोडून बाहेरच्या बारा इंची स्पीकरला तारा नेल्या, तर तोच पाच वॅटचा डबा ओळखू येत नाही, मात्र नव्या स्पीकरचा रोध ट्रान्सफॉर्मरला मानवणारा हवा. दोनतीन डाग आणि एक संध्याकाळ, एवढाच हा उद्योग. त्यातला धोका मात्र लहान नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढून ठेवल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत तो साठून राहतो. त्यांतला भार रेझिस्टरमार्फत काढून टाकून, मीटरने मोजून खात्री झाल्याशिवाय आत बोट घालणे हे वेडे धाडस आहे. हिरव्या एल्पिकोची नक्कल करायची हौस असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

इतिहासाच्या अभ्यासकाला या डब्यांत आणखी एक गोष्ट सापडते. त्यांचे पोट म्हणजे दप्तरखाना आहे. फेंडरच्या त्या काळातल्या डब्यांत आतल्या बाजूला व्हॉल्व्हचा तक्ता चिकटवलेला असतो आणि त्यावर पुष्कळदा दोन रोमन अक्षरांचा शिक्का असतो: पहिले अक्षर वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ‘एचएफ’ म्हणजे जून १९५८. बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरवर आकडे कोरलेले असतात. १३७६६१२ असे दिसले तर पहिले तीन आकडे सीटीएस या उत्पादकाचे, उरलेले १९६६ सालच्या बाराव्या आठवड्याचे. काही डब्यांत चिकटपट्टीच्या तुकड्यावर ‘लिली’, ‘लुपे’ अशी नावे पेन्सिलीने लिहिलेली आढळतात. ती तारा जोडणाऱ्या कामगार स्त्रियांची. एखाद्या दानपत्राच्या शेवटी कोरणाऱ्याचे नाव यावे तसे. मग त्यांच्या सुबक, चकचकीत डागांशेजारी एखादा ओबडधोबड, काळवंडलेला डाग दिसतो. तो पुढच्या मालकाचा. तिथून त्या डब्याचे खासगी चरित्र सुरू होते आणि ते अन्यत्र कुठेही लिहिलेले नसते.

या खासगी चरित्रातून कधीकधी कारखानेही जन्मले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को परिसरात रँडल स्मिथ नावाचा तरुण अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत असे. बॅरी मेल्टन या वादकाची गंमत करावी म्हणून त्याने त्याच्या फेंडर प्रिन्स्टनमध्ये, म्हणजे बारा वॅटच्या लहान डब्यात, बासमन या कितीतरी मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्सफॉर्मर आणि मंडल बसवले. स्पीकरची फळी कापून दहा इंचीच्या जागी बारा इंची स्पीकर बसवला. बाहेरून डबा होता तसाच. कार्लोस सान्ताना यांनी तो वाजवून पाहिला. त्यांच्या तोंडून सहज निघालेल्या कौतुकातून ‘बूगी’ हे नाव आले आणि स्मिथची मेसा ही कंपनी त्या नावाने जगभर गेली. लहान आकार आणि मोठा आवाज ही जोडी आज आपण गृहीत धरतो. ती आली एका थट्टेतून.

आता प्रश्न असा, की तो प्रिन्स्टन ‘अस्सल’ की ‘बिघडवलेला’? जुन्या वस्तूंच्या बाजाराचे उत्तर ठरलेले आहे. कारखान्यातून निघाला तसा डबा अधिक किमतीचा, कोणी हात लावलेला कमी किमतीचा. म्हणून जुना चॅम्प हाती आला की विक्रेता आधी ते ओबडधोबड डाग काढतो, त्या काळचे कपॅसिटर शोधून बसवतो आणि डबा १९५८च्या जून महिन्यात परत नेऊन ठेवतो. मला हा व्यवहार पटत नाही. जुन्या वाड्याला नंतरच्या पिढीने काढलेली खिडकी बुजवून त्याला ‘मूळ’ म्हणण्यासारखे आहे हे. संगीताच्या दृष्टीने महत्त्वाचे जे घडले ते कारखान्यानंतर घडले. आणि नेमका तोच थर खरवडला जातो. चिरलेला पडदा बदलला की डेव्हिसच्या डब्याची नुसती हिरवी पेटी उरते.

ज्याच्या बाबतीत हे घडले नाही, असे एक उदाहरण सुदैवाने आहे. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले, हे मराठी वाचकांना ठाऊक असते. त्यांचे सहकारी जॉन डीकन यांच्याविषयी आपल्याकडे कमी बोलले जाते. डीकन बास गिटार वाजवत, पण शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर, लंडनच्या चेल्सी कॉलेजचे. १९७२च्या सुमारास रस्त्यालगतच्या राडारोड्याच्या पेटाऱ्यात त्यांना लोंबत्या तारांसह टाकून दिलेली एक सर्किटची पट्टी दिसली. त्यांनी ती घरी आणली, पुस्तकांच्या फडताळात मावेल अशा लहान स्पीकरच्या खोक्यात बसवली आणि नऊ व्होल्टची एक मोठी बॅटरी जोडली. सरावासाठी सोयीचा, कुठेही नेता येणारा डबा तयार झाला. त्याला एकही बटण नव्हते.

ब्रायन मे यांनी आपली गिटार त्याला जोडली. ही गिटारही घरचीच, वडिलांबरोबर जुन्या शेकोटीच्या लाकडातून बनवलेली. मध्ये उंच स्वर वाढवणारी छोटी पेटी ठेवली आणि त्यांना जे ऐकू आले ते गिटारसारखे नव्हते. त्यात व्हायोलिन होते, क्लॅरिनेट होती. १९७५च्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ या ध्वनिमुद्रिकेतल्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात जुन्या जॅझची सगळी वाद्ये ऐकू येतात. ती एकट्या गिटारीची आहेत, या डब्यातून एकेक स्वर मुद्रित करून रचलेली. पुढे अनेक वर्षे तो डबा तसाच वापरात राहिला. कोणी तो ‘सुधारला’ नाही, म्हणून अभ्यासकांना त्याचे घटक मोजता आले आणि ती पट्टी सुपरसॉनिक पीआर-८० या रेडिओच्या पट्टीशी जुळवता आली. प्रतिकृती करणाऱ्यांना मात्र घाम फुटला. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, त्यांना जोडणारे छोटे ट्रान्सफॉर्मर, खोक्यातला स्पीकर, सगळ्यांची मर्यादा त्या आवाजात मिसळलेली. चांगला भाग बसवला की आवाज हरवे.

आजचा हौशी माणूस बहुधा व्हॉल्व्हपासून दूर, बॅटरीवरच सुरुवात करतो, आणि ते शहाणपणाचे आहे. १९७०च्या दशकात नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम ३८६ ही आठ पायांची चिप आली. सिगारेटच्या पाकिटात मावणारे अ‍ॅम्प्लिफायर हिच्यावर उभे राहिले. ही चिप संकेत वीसपट करते. पहिल्या आणि आठव्या पायात १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की दोनशेपट. ही फेरफाराची युक्ती कोणा बंडखोराची नव्हे, साक्षात कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ही चिप आणि तो कपॅसिटर मागितला तर दुकानदार मान वरही करत नाही, पुढ्यात ठेवतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीने कोणाला झटका बसत नाही, चिप जळली तर दुसरी लावायची. छोट्या स्पीकरऐवजी जुन्या रेडिओचा मोठा स्पीकर जोडून पाहायचा, डबा उघडा ठेवून आणि मिटून ऐकायचा. १९७३मध्ये आलेल्या ‘पिगनोज’ या बॅटरीवरच्या अमेरिकन डब्याची तर बिजागरीच अशी होती, की झाकण किती किलकिले ठेवले यावर आवाज बदलावा.

नव्या लहान अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र शिडीसारखा पुठ्ठाही नाही आणि आठ पायांची चिपही नाही. तांदळाच्या कणीएवढे घटक यंत्राने चिकटवलेले असतात आणि फाटक्या पडद्याचा आवाज गणिताने तयार होतो. चॅम्प, एसी-३०, डीकनचा डबा, सारे एका बटणावर. वाजवायला उत्तम, सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच्या पोटात पुढच्या मालकाचा डाग सापडणार नाही.

जुने डबे दुरुस्त करणाऱ्या काही कारागिरांची एक पद्धत आहे. बदललेला मूळचा कपॅसिटर, सोडवलेला रेझिस्टर ते फेकत नाहीत. लहान पिशवीत घालून ती पेटीच्या आतल्या फळीला टाचतात आणि चिठ्ठीवर लिहितात: काय काढले, काय लावले, तारीख.